बाहुलीच्या गोधडीसाठी कवंदीची रीत

उरलेल्या चिंध्यांची बाहुलीसाठी गोधडी शिवली, पण ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, ही अडचण मलाही आली होती. दीड इंचाच्या चौकोनातून चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत गेला की हाती जेमतेम एक इंच उरतो आणि जिथे चार कोपरे एकत्र येतात तिथे कापडाची गाठच बसते.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातील) स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची चिंध्यांची गोधडी, शिवण्याची रीत येथे फार उपयोगी पडते. त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत. अस्तराच्या कडेपासून सुरुवात करून, तुकड्याची उघडी कड आत दुमडत, पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवत, सगळ्या थरांतून धावदोरा घालत गोल फिरत मध्याकडे येतात. तुकडे वेडेवाकडे असले तरी चालतात, जोड समोरासमोर येत नाहीत आणि म्हणून कापड एका जागी साठत नाही. कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुले म्हणतात. बाहुलीच्या गोधडीवर ती विशेष गोड दिसतात.

आत कापूस मुळीच भरू नये, जुन्या सुती साडीचा एकच थर पुरतो. बारा इंचांच्या गोधडीला मी पाव इंच अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालते. दुमडलेली कड नखाने दाबून घेतली की इस्त्रीही लागत नाही. नवे कापड मात्र आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि जुन्या साडीशेजारी चुण्या पडतात.