22 पट फरक आहे, थीसिसमध्ये 'सिलेक्टिव्ह' लिहू का?

थकलेला_पिपेट:
एम.फार्म., दुसरं वर्ष. लॅबमध्ये केलेल्या 14 क्विनाझोलिन रेणूंपैकी 9 नंबरचं ईजीएफआर या किनेज जातीच्या एन्झाइमवर छान निघालं, आयसी50 (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारं प्रमाण, जितकं कमी तितकं औषध जोरदार) 40 नॅनोमोलर. हेर2 या दुसऱ्या किनेजवर तेच 900. सर म्हणतात, थीसिसच्या नावातच 'सिलेक्टिव्ह' घाल, म्हणजे बाकीच्यांना सोडून ईजीएफआरलाच रोखणारं. मला धाकधूक आहे, व्हायवाला बाहेरचे परीक्षक सोलून काढतील. पैसे दोनच चाचणी-किटचे होते. एवढ्यावर भागेल का?

वेल_ए1:
दोन्ही किटमध्ये एटीपी (किनेजचं इंधन) किती होतं?

थकलेला_पिपेट:
ईजीएफआरला 10 मायक्रोमोलर, हेर2 ला 100. किटच्या कागदात होतं तसंच घातलं. केएम (एन्झाइम निम्म्या वेगाने चालायला लागणारं एटीपी) दोन्हीकडे 10 दिलाय.

वेल_ए1:
मग घोळ तिथेच आहे. बंगळूरला दहा वर्षं किनेजच्या प्लेटा लावल्यात, ही चूक मीही केली आहे. तुमचं क्विनाझोलिन एटीपीच्याच खाचेत बसतं, म्हणजे एका जागेसाठी दोघांची रेटारेटी. हेर2 च्या प्लेटमध्ये तुम्ही एटीपीची माणसं दहापट उभी केलीत. औषध तिथे कमजोर दिसणारच.

एटीपीचा परिणाम काढून टाकणारं चेंग-प्रुसॉफचं सूत्र लावा: आयसी50 ला (1 + एटीपी भागिले केएम) ने भागायचं. ईजीएफआर 40 भागिले 2, म्हणजे 20. हेर2 900 भागिले 11, म्हणजे साधारण 82. तुमचे 22 पट चारवर आले. (रेणूत अ‍ॅक्रिलअमाइड हा गट असेल तर हे गणित विसरा. ते एन्झाइमला कायमचं चिकटतं आणि आयसी50 वेळेगणिक घसरत जातो.)

दोन्ही पुन्हा लावा, प्रत्येकाच्या केएमइतक्या एटीपीवर. बफरमध्ये 0.01 टक्का ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) असू दे, नाहीतर रेणूंचे गोळे होऊन कुठलंही एन्झाइम बंद पडल्यासारखं दिसतं. एका रांगेत स्टॉरोस्पोरिन ठेवा. ते जवळपास सगळ्या किनेजांना गप्प करतं. त्याने नेहमीचा आकडा दिला नाही तर प्लेटच टाकून द्या.

आणि ईजीएफआर-हेर2 ही सख्खी भावंडं. माणसात 500 हून जास्त किनेज आहेत, 2002 च्या मोजणीत 518 भरली. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. पैसे मिळाले तर 1 मायक्रोमोलरवर पन्नासेक किनेज तपासून घ्या आणि जी 80 टक्क्यांच्या वर दबतील, त्यांचाच पूर्ण आयसी50 काढा.

सीओटू_इन्क्युबेटर:
पेशींचंही बघा. ओटीएस964 हे औषध पीबीके नावाच्या किनेजवर चालतं असं मानलं जायचं. 2019 मध्ये क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने पीबीकेचं जीन उडवलेल्या पेशींवर ते घातलं, तरी पेशी तशाच मेल्या. खरं लक्ष्य निघालं सीडीके11 हे दुसरंच किनेज. अर्थात दुसरीकडे नेम लागला म्हणजे वाईटच असंही नाही. इमॅटिनिबला 2001 मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते 'किट' नावाच्या किनेजलाही (चाचणीचं किट नव्हे) रोखतं, म्हणून पुढच्याच वर्षी पोटातल्या जिस्ट गाठींसाठीही मिळाली.

थकलेला_पिपेट:
अ‍ॅक्रिलअमाइड नाही. 9 नंबर अजून 6 मिलिग्रॅम शिल्लक आहे, सोमवारी दोन्ही 10 वर लावतो. पण सरांना चार पट कसं सांगू?

वेल_ए1:
सांगू नका. दोन्ही किटचे कागद आणि कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे ठेवा, भागाकार त्यांनाच करू द्या.