शब्दचर्चा : होगन-सॅव्हेजची 'जोड' की 'जोडी'?

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी 'मेगा पॉवर्स'वर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत एका बाजूनं लढणाऱ्या हल्क होगन आणि रँडी सॅव्हेज या दोन मल्लांवर, लेख लिहिते आहे. २४ जुलै २०२५ला हल्क होगन गेला. रँडी सॅव्हेज तर २०११मध्येच गेला होता. तेव्हापासून दोघांच्या जुन्या लढती पुन्हा बघते आहे. लेखाचं पहिलं वाक्य असं : 'होगन आणि सॅव्हेज ही जोड १९८७च्या ऑक्टोबरात जमली.'

आबांना (माझे वडील) वाचून दाखवलं. ते तरुणपणी कुंडलच्या मैदानात लढलेले. पहिल्याच वाक्याला त्यांनी थांबवलं : "निकाल काय लागला?" म्हटलं, आबा, ते एका बाजूनं लढायचे. तर म्हणाले, "मग जोड कशी गं? जोड म्हटल्यावर दोघं समोरासमोर पाहिजेत."

मी वाढले सांगलीतच, पण शहरात. माझ्या कानाला जोड म्हणजे जोडीच. टॅग टीमला (एका बाजूचे दोघं, पाळीपाळीनं रिंगमध्ये उतरणारे) काय लिहू? आणि 'टॅग करणे'ला, म्हणजे हाताला हात लावून बाहेरच्याला आत घेण्याला?

खटावची
आबांचं मला पटलं नाही. आमच्याकडे खिलार बैलांची जोड म्हणतात, आणि ती एका जुवाखालीच चालते. माझे आजोबा बाजारातून 'जोड आणली' म्हणायचे, 'जोडी' कधीच नाही. जोडी नवरा-बायकोची. तुमचं वाक्य अगदी बरोबर आहे, बदलू नका.

लालमाती
ताई, शिवारातली जोड वेगळी आणि फडातली वेगळी. यात्रेत कुस्त्या नेमताना पोरं फडाभोवती उभी असतात. पंच एकाला आत घेतात, त्याच्या अंगाबरोबरचा दुसरा हुडकतात, दोघांचे हात मिळवून देतात, इनाम सांगतात. झाली जोड. त्यात दोघंही एकमेकांच्या तोडीचे असावे लागतात, नाहीतर लोक ओरडतात, 'जोड बरोबर नाही!' 'बिनजोड पैलवान' म्हणतो तो याच अर्थानं : ज्याच्यासमोर उभा करायला कुणी नाही असा. त्याला जोडीदार नाही असा नव्हे. आबा बरोबर आहेत.

शब्दवेल
हा घोळ मराठीचा एकटीचा नाही. संस्कृतातला 'द्वंद्व' पाहा. राम-लक्ष्मण हा द्वंद्व समास, तिथे दोघे एकत्र. भीम-जरासंधाचं द्वंद्व, तिथे दोघे समोरासमोर. शब्द एकच. तेव्हा टॅग टीमसाठी मी 'युग्मकुस्ती' सुचवते. अर्थाची ओढाताण उरणार नाही.

मिरजेचा सतारवाला
युग्मकुस्ती कुणीही म्हणणार नाही. आम्ही नव्वदच्या दशकात शाळेच्या मागे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायचो. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स सगळं तोंडपाठ. आणि टॅग टीमला आम्ही 'टॅग टीम'च म्हणायचो. तीस-पस्तीस वर्षं जो शब्द तोंडात आहे तो मराठीच झाला. स्टेशन झालं, टेबल झालं, टॅग टीमनंच काय पाप केलंय?

शब्दवेल
पाप नाही. पण स्टेशनला आपल्याकडे आधीचा शब्द नव्हता. दोघं मिळून खेळण्याला आहे : टेनिसची 'दुहेरी' वर्तमानपत्रांनी रुजवलीच ना? मग 'दुहेरी कुस्ती' का नको? प्रत्येक वेळी हार मानायची सवय लागली की घरातले शब्दही परके वाटायला लागतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

लालमाती
दुहेरीत चौघंही एकाच वेळी मैदानात असतात. टॅगमध्ये एक आत, एक दोरीबाहेर. हाताला हात लागल्याशिवाय बाहेरच्याला आत येता येत नाही. दुहेरी चुकीचं.

खटावची
मग 'टॅग करणे' म्हणजे 'खो देणे'! बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा, तो उठून धावतो. आपल्या मातीतला तयार शब्द आहे.

मिरजेचा सतारवाला
'सॅव्हेजने होगनला खो दिला' वाचल्यावर मला वाटेल त्यानं कामात खो घातला. आणि खो-खोत खो देणारा त्या गड्याच्या जागी बसतो. इथे दमलेला बाहेर जाऊन श्वास घेतो. 'टाळी दिली' म्हणा, कारण खरोखर टाळीच देतात.

खटावची
टाळी चांगली आहे. आणि जोडीदाराला 'भिडू' म्हणा. मला वाटतं भिडू हा 'भिडणे'वरूनच आला. भिडणे म्हणजे लागून असणं, आणि भिडणे म्हणजे झुंजणंही. पुन्हा तोच दुहेरी अर्थ. जवळ येणं आणि अंगावर येणं यांत आपल्या भाषेनं फार अंतर ठेवलेलं दिसत नाही.

लालमाती
भिडू कबड्डीत, पत्त्यांत. तालमीत भिडू ऐकला नाही. पण मुळात एक विचारतो. आधी ठरलेल्या निकालाच्या खेळाला कुस्ती म्हणायचं का? आमच्या वस्तादांनी ऐकलं असतं तर त्यांना यातना झाल्या असत्या. आमच्या जिल्ह्यात कराडजवळचं गोळेश्वर आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत बँटमवेटचं कांस्य आणलं ते फ्रीस्टाइल कुस्तीत. आणि आज वर्तमानपत्रात 'फ्रीस्टाइल' कशाला लिहितात? 'दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी'! खाशाबांच्या प्रकाराचं नाव गल्लीतल्या भांडणाला गेलं. टॅग टीमपेक्षा मला हे जास्त सलतं.

मिरजेचा सतारवाला
त्याला दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांचे दिवस जबाबदार. त्या लढतींनाच लोक फ्री स्टाइल म्हणायला लागले. शब्द लोक नेतात तिकडे जातो. आणि ठरलेला निकाल म्हणून कमी लेखू नका. २९ ऑगस्ट १९८८चा डब्ल्यूडब्ल्यूएफचा पहिला 'समरस्लॅम' कार्यक्रम बघा, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर आंद्रे द जायंट आणि टेड डिबियासी, पंच जेसी व्हेंचुरा, आणि तोही यांच्या बाजूचा नाही. होगन-सॅव्हेज जिंकणार हे आज ठाऊक असूनही मी पुढे सरकून बसतो. पडणं खरं असतं, पाठ खरी दुखते.

लालमाती
पाठ दुखते हे मान्य. खेळ म्हणा, तमाशा म्हणा, मी आदरानंच म्हणतो. कुस्ती म्हणू नका.

शब्दवेल
निकाल आधी ठरलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात ना? राजकारणाच्या बातम्यांत वाचलं आहे. की ती हिंदीतून आली?

लालमाती
आमच्याकडे नुरा नव्हतं. 'लुटुपुटूची' म्हणायचो.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळ्यांचे आभार. काल रात्री आबांना ३ फेब्रुवारी १९८९ची लढत दाखवली, बिग बॉस मॅन आणि अकीम यांच्याविरुद्धची. दोघंही अंगानं अवाढव्य. आबा आधी तोंड फिरवून बसले होते. सॅव्हेज रिंगबाहेर फेकला जाऊन एलिझाबेथवर, म्हणजे त्याच्या मॅनेजरवर, आदळला तेव्हा वळले. होगन तिला उचलून आत घेऊन गेला, इकडे सॅव्हेज दोघांपुढे एकटा. आबा म्हणाले, "फड सोडून गेला? कुस्ती चालू असताना?" त्या क्षणी ते पूर्णपणे सॅव्हेजच्या बाजूचे होते. मी लहानपणापासून होगनच्या बाजूची, मला हे कधी सुचलंच नव्हतं. होगन परत आला आणि सॅव्हेजनं टाळी द्यायच्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली, निघून गेला.

आबा एवढंच म्हणाले, "आता लागली जोड."

त्यांना ठाऊक नव्हतं की २ एप्रिल १९८९ला, पाचव्या 'रेसलमेनिया'त (डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला मोठा कार्यक्रम), दोघं खरंच समोरासमोर आले. सॅव्हेजकडे ३७१ दिवस असलेला किताब होगननं घेतला. लेखाचं पहिलं वाक्य मी आता 'जोडी जमली' असं केलं आहे, आणि 'जोड' शेवटासाठी राखून ठेवला आहे. 'टाळी' घेतली. 'टॅग टीम' तशीच ठेवली, शब्दवेल, माफ करा.

शब्दवेल
माफी कसली. पण शीर्षकात तरी 'मेगा पॉवर्स'चं 'महाबली' करा.

खटावची
आबा 'लागली' म्हणाले की 'ठरली'? आमच्याकडे पुसेगावच्या यात्रेत कुस्ती लागते, जोड ठरते.

लालमाती
कुस्ती नेमतात, जोड लागते.

खटावची
नाही हो. उद्या भावाला विचारून लिहिते.