कोळशापासून गॅस बनवणाऱ्या प्रकल्पांना झेडएलडीची (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची) सक्ती हवी का?

खाडीकाठ, ऐरोली
कोळशापासून गॅस बनवण्यासाठी केंद्राने जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी मंजूर केले. 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचं लक्ष्य आहे. सांडपाण्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्यात डांबर, फिनॉल, अमोनिया, सायनाइड सगळं असतं. प्रकल्प विदर्भात येवो नाहीतर ओडिशात, थेंबही बाहेर सोडायचा नाही अशी सक्ती हवी. 'सीईटीपीत (अनेक कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रात) पाठवू' हे आम्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्यांना तरी सांगू नका.

ईटीपी_महापे
सक्तीला माझा विरोध. झेडएलडीत शेवटी आरओ आणि त्यानंतर बाष्पीभवन. त्याची वाफ पुन्हा कोळसा जाळूनच येणार. वर हाती उरतं मिश्र मीठ. ते घातक कचऱ्याच्या लँडफिलमध्ये. घाणीने फक्त जागा बदलली! त्यापेक्षा आधी डांबर-तेल वेगळं करा, द्रावकाने फिनॉल काढा, वाफेने अमोनिया. दोन्ही विकता येतात. उरलेलं जिवाणू खातील.

खाडीकाठ, ऐरोली
आणि जिवाणूच मेले तर?

ईटीपी_महापे
मरतात ना. फिनॉलचा लोड एकदम आला की अमोनिया खाणारे जिवाणू सगळ्यात आधी जातात. एअरेशन टाकीवर (जिवाणूंना हवा देतात ती) फेस चढतो, क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवायच्या टाकीतून) गाळ वर येऊन पाण्याबरोबर वाहून जातो. विस्कटलेली घडी परत बसायला आठवडे लागतात. म्हणूनच हे पाणी सीईटीपीत नको, एवढं मला मान्य. पण त्यावर उपाय मोठी इक्वलायझेशन टाकी (पाणी साठवून लोड एकसारखा करणारी) आणि फिनॉलची नीट वसुली, बाष्पीभवन नव्हे.

दिवाळे_कोळीवाडा
दादा, मानकाचं बोला. नदी-नाल्यात सोडायला फिनॉल लिटरला 1 मिलिग्रॅम, समुद्रकिनारी 5. खाऱ्या पाण्यातली मासळी काय वेगळी आहे? फिनॉल अगदी थोडं असलं तरी मासळीच्या मांसाला औषधासारखा वास लागतो. गिऱ्हाईक वाटा उचलतं, हुंगतं आणि खाली ठेवतं. मी सक्तीच्या बाजूने.

केमिकल_कोपरखैरणे
गॅसिफायर, म्हणजे कोळशाचा गॅस करणारी भट्टी, कुठला, हे कोणीच विचारत नाही. फिक्स्ड बेडमध्ये (कोळशाच्या खड्यांचा थर असतो) तापमान कमी, म्हणून डांबर आणि फिनॉल भरपूर. जास्त तापमानाच्या एन्ट्रेन्ड फ्लोमध्ये (कोळशाची पूड झोताने आत सोडतात) ते जवळपास जळून जातं. मात्र आपल्या कोळशात राख फार, त्यामुळे ते तंत्र इथे जड जातं. परवानगी देतानाच हे तपासा.

खाडीकाठ, ऐरोली
तपासाच. पण महापेवाले, वसुलीचं युनिट बंद पडलं त्या रात्री पाणी कुठे जाणार? झेडएलडीत बाहेर जायला पाइपच नसतो. तुमच्या पद्धतीत तो असतो. मला तो पाइप नको आहे.