अनुभव धागा: समोरचा ‘मेंटल’ म्हणाला, तेव्हा तुम्ही काय केलंत?

माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, डाउन सिंड्रोम. त्याला घेऊन बाहेर पडलं की येडा, खुळा, अर्धवट, मेंटल यांपैकी काहीतरी कानावर येतंच. आणि बोलणारे असं बोलतात, जणू भाऊ तिथे नाहीच. तो तिथेच असतो आणि त्याला सगळं कळतं. अशा वेळी तुम्ही प्रत्यक्षात काय बोललात, त्याचा उपयोग झाला की भांडण वाढलं, ते इथे लिहा. पालक, भावंडं, शिक्षक, शेजारी, सगळ्यांनीच. ज्यांना हे ऐकून घ्यावं लागतं त्यांनी स्वतः लिहिलं तर फारच बरं. कुणाकडून लिहून घेतलं तरी चालेल. फक्त कुणाचं नाव उघड करू नका.

एक आई, कोल्हापूरकडची

आमच्याकडं शिवीपेक्षा ‘ते’ जास्त लागतं. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. दाढी करतो, गोठा झाडतो, डेअरीला दूध घालून येतो. तरी पाहुणे मलाच विचारणार, ‘‘ते जेवलं का?’’, ‘‘ते खुळं कुठं गेलं?’’ सगळी घरचीच माणसं. जत्रेच्या पंगतीत मावससासूबाईंनी हेच विचारलं. मी वाढता वाढता थांबले आणि म्हटलं, ‘‘मावशी, तो तुमच्या शेजारीच बसलाय. त्यालाच विचारा की, काय पाहिजे म्हणून.’’ पंगत गप्प. मावशींनी विचारलं. तो म्हणाला, ‘‘आमटी पायजे.’’ त्यांनी उठून स्वतः वाढली. तेव्हापासून त्या ‘तो’ म्हणतात, त्याच्याशी बोलतातही. एक चुलत दीर मात्र अजून ‘खुळं’च म्हणतात. मी दर वेळी ‘‘कोण?’’ एवढंच विचारते आणि त्याचं नाव घेईपर्यंत पुढं बोलतच नाही. त्यांना राग येतो. येऊ दे.

आयटीवाला, पुणे

आमच्या ऑफिसात ‘रिटार्डेड’ चालतं. कोडला, क्लायंटला, ट्रॅफिकला, कशालाही. मी मीटिंगमध्येच सांगितलं, ‘‘माझी बहीण बौद्धिक दिव्यांग आहे. हा शब्द माझ्यासमोर नको.’’ लीड म्हणाला, ‘‘अरे, तुझ्या बहिणीला थोडीच म्हणालो?’’ मी म्हटलं, ‘‘तिला नाही, पण तिच्यासारख्यांवरूनच म्हणालास.’’ तिथे तेवढंच. नंतर चहाला त्याने स्वतः विषय काढला आणि मग आम्ही नीट बोललो. चारचौघांत एक वाक्य आणि बाकीचं दोघांत, हे मला तरी लागू पडलं.

एक बाबा, ठाणे

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाने टाकलं, ‘‘त्या अर्धवट मुलाला लिफ्टमध्ये एकटं सोडू नका, लहान मुलं घाबरतात.’’ खाली अंगठ्यांची रांग. मी ग्रुपवर वाद घातला नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ९२: दिव्यांग व्यक्तीची मानहानी करण्याच्या हेतूने, लोकांदेखत, मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं, तर किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. हेतू आणि लोकांदेखत घडणं, दोन्ही दाखवावं लागतं, त्यामुळे प्रत्येक टोमण्याला हे कलम लागणार नाही, हेही सांगतो. पण पत्रात कलम नेमकं लिहिलं की समितीला ते बाजूला सारता येत नाही. मेसेज काढला गेला, सभासदाने ग्रुपवर माफी मागितली. प्रकरण मिटलं नसतं तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची माझी तयारी होती. मुलाला लिफ्टची बटणं बरोबर येतात, हेही त्याच पत्रात लिहिलं होतं.

अजून एक आई

सगळे छान लिहिताय. पण एसटी स्टँडवर एका हातात त्याचा हात, दुसऱ्या हातात पिशव्या, गाडी लागलेली, तेव्हा मी कुणाला काही समजावत बसत नाही. ‘‘चल बाळा’’ म्हणते आणि गाडीत चढते. रोज लढायचं बळ कुठून आणायचं?

विशेष शिक्षिका

‘मतिमंद’ म्हणणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडू नका, अशी विनंती आहे. जुन्या दाखल्यांवर, शाळांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं तोच शब्द होता. २०१६ च्या कायद्याने बौद्धिक दिव्यांगता हा शब्द आणला. खेड्यातली आजी ‘‘नातू मतिमंद आहे’’ म्हणते तेव्हा ती हिणवत नसते. मी तिच्याशी बोलताना नवा शब्द वापरत राहते, हळूहळू तीही वापरते. तोच शब्द पोरांनी एकमेकांना चिडवायला वापरला, तर मात्र तिथल्या तिथे थांबवायचं.

लोक बौद्धिक दिव्यांगता आणि मानसिक आजार यांत सरमिसळ करतात, हा आणखी एक त्रास. दोन्ही वेगळं आहे, आणि हिणवणं दोन्हीकडे तितकंच वाईट. दिवाळीआधी आमच्या कार्यशाळेतली मुलं पणत्या रंगवतात, उटण्याची पाकिटं भरतात. विक्रीच्या टेबलाशी एका बाईंनी मला विचारलं, ‘‘हे वेड्या मुलांनी केलंय का?’’ मी तोंड उघडायच्या आत आमचा विद्यार्थी म्हणाला, ‘‘मी केलंय. साठ रुपये डझन.’’ बाई ओशाळल्या. मग रंग कुठला, वाळायला वेळ किती, सगळं त्याच्याशीच बोलल्या आणि पणत्या घेऊन गेल्या. अशा वेळी आपण मध्ये पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी सांगतेय, वहिनी लिहितेय

मला वेडी म्हटलं की कळतं. बसमध्ये मुलं हसतात ते पण कळतं. मी पापड करते, पाकिटं मोजते. वहिनी लोकांशी मोठ्याने भांडते. मला ते आवडत नाही, सगळे माझ्याकडे बघतात. आधी मला विचार. कधी मला बोलायचं असतं, कधी घरी जायचं असतं. मी म्हणते, असं बोलायचं नाही. (वहिनी: म्हणताना ती तळहात पुढे धरते.) एक मुलगा सॉरी म्हणाला. दुसरे हसत होते. मग मी कंडक्टरकाकांना सांगितलं. त्यांनी त्यांना मागच्या सीटवर पाठवलं.