मदत हवी आहे: आर्किकॅडमधून रेव्हिटमध्ये नेताना भिंती दातेरी होताहेत

वीटबंदी:
तातडीने मदत हवी. पुण्यात बाणेरच्या जी प्लस सात इमारतीचं मॉडेल आर्किकॅड या इमारतींच्या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. आरसीसी कन्सल्टंट (स्ट्रक्चरल इंजिनिअर) रेव्हिट या दुसऱ्या तशाच सॉफ्टवेअरवर काम करतात. आयएफसी, म्हणजे दोन्हीकडे उघडणारी मॉडेलची फाइल, पाठवली की त्यांच्याकडे भिंतींच्या कडा करवतीसारख्या दिसतात, कॉलम ग्रिडवरून (आखलेल्या रेषांवरून) सरकतात. माझ्या स्क्रीनवर सगळं चोख आहे. तीनदा पाठवून झालं. शुक्रवारी स्लॅबची ड्रॉइंग्ज द्यायची आहेत. कुठलं सेटिंग बदलू?

गवंडीकाका:
आर्किकॅड कितवं? रेव्हिट कुठलं? त्यांनी फाइल 'ओपन' केली की 'लिंक' (नुसती संदर्भ म्हणून जोडली)? एवढं तरी सांगा, नाहीतर आम्ही अंधारात चाचपडणार.

जुनी_रेष:
आयएफसीच्या नादाला लागू नका. सरळ ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ड्रॉइंग फाइल पाठवा. आमच्याकडे वीस वर्षं तेच चालतंय, एकही काम अडलं नाही.

गवंडीकाका:
अहो, डीडब्ल्यूजीच्या प्लॅनमध्ये भिंत म्हणजे दोन रेषा. तिची उंची, थर, मजला काहीच पोचत नाही. आयएफसी २०१३ पासून आयएसओ १६७३९ हे पूर्ण मानक आहे, नाद कसला?

जुनी_रेष:
मानक असेल, पण साइटवर फोरमन प्रिंटच बघतो.

ऋतुजा_पी:
आर्किटेक्टनेही रेव्हिटच घ्यावं, वाद मिटेल. फक्त सगळ्यांचं व्हर्जन एकच ठेवा. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, आमचा एक आख्खा आठवडा त्यात गेला.

वीटबंदी:
ताई, मी आर्किकॅड सोडणार नाही, प्रश्न तो नाहीच. आर्किकॅड २६, रेव्हिट २०२३, आयएफसीची २×३ आवृत्ती. त्यांनी ओपन केली.

मोजणीवाली:
मॉडेल सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्सवरच उभारलंय का?

वीटबंदी:
हो, टोटल स्टेशन यंत्राचा सर्व्हे यूटीएममध्ये (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) आला, तसाच ठेवला. त्याचा काय संबंध?

मोजणीवाली:
दुखणं तिथेच आहे. पुण्याचा यूटीएम नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, साधारण २०,५०,००० मीटर. म्हणजे तुमची इमारत शून्यापासून दोन हजार किलोमीटर लांब उभी आहे. रेव्हिट स्वतःच्या मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरच्या आतच भरवशाचं. त्यापलीकडे आकड्यांची अचूकता घटते आणि कडा फाटतात.

ग्रिड ए-१ चा कोपरा प्रोजेक्ट ओरिजिनवर, म्हणजे मॉडेलच्या शून्य बिंदूवर, आणा. सर्व्हेचे खरे आकडे सर्व्हे पॉइंट या वेगळ्या खुणेला द्या. आर्किकॅडच्या पार्शियल स्ट्रक्चर डिस्प्ले या सेटिंगमध्ये भार घेणाऱ्या भागांचा फक्त गाभा ठेवून आयएफसी काढा, म्हणजे प्लास्टरचे थर जाणार नाहीत. आणि कन्सल्टंटना 'लिंक आयएफसी' करायला सांगा. लिंकमधल्या भिंती त्यांना बदलता येणार नाहीत, पण त्यांना त्या बदलायच्याही नसतात. कॉलम ते स्वतःच उभे करतात.

निळाई:
रेंडर कशात काढणार आहात? ट्विनमोशन छान आहे.

गवंडीकाका:
पाठवण्याआधी फाइल एकदा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या बोन्साय ॲड-ऑनमध्ये उघडून पाहा. फुकट आहे. दुसऱ्याच्या स्क्रीनवर काय जाणार, ते आपणच आधी बघून घ्यावं.

वीटबंदी:
मोजणीवाली ताई, मनापासून आभार. कोपरा ओरिजिनवर आणला, त्यांनी लिंक केली आणि कडा सरळ झाल्या. ए-१ पासून डी-४ पर्यंत सगळे कॉलम ग्रिडवर बसले. जिना मात्र अजून एकसंध ठोकळाच येतोय. लँडिंगच्या स्लॅबची जाडी त्यांना मोजायची आहे, त्यासाठी जिन्याचा सेक्शन वेगळा डीडब्ल्यूजीत देऊ का?

जुनी_रेष:
द्या. मी आधीच म्हणालो होतो.