पेरॉक्साइडचा कॅन फुगलाय, झाकण उघडू का?

रंकाळाकाठ:
राहतो कोल्हापुरात, कामाला रोज इचलकरंजीला जातो. एका कापड प्रोसेसमध्ये स्टोअर बघतो. ब्लिचिंगसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड येतं, 50 टक्क्यांचं, 50 किलोचे कॅन. पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लावलेले असतात. त्यातला एक अर्धा वापरलेला कॅन आज फुगलेला दिसला. बूड बाहेर आलंय, त्यामुळं डगमगतोय. त्याचं मूळ झाकण हरवलं म्हणून पोरांनी कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) कॅनचं झाकण आवळून बसवलंय. मालक म्हणतात, पेरॉक्साइड म्हणजे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन, घाबरायचं काय? हळूच झाकण सैल करून हवा सोडली तर चालेल का?

ब्लिचिंगवाले काका:
दादा, झाकणाला हात लावू नका. कॅन हलवू नका, उचलू नका, उन्हातून सावलीतही नेऊ नका. आधी दारातूनच बघा: वाफ येतेय का, फसफस ऐकू येतेय का, कॅन आणखी फुगतोय का? यातलं एक जरी असेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. काहीच दिसत नसेल तरी जवळ जायचं नाही. लांबून पाइपनं पाण्याचा फवारा चालू ठेवा, आणि ज्यांच्याकडून माल येतो त्यांच्या टेक्निकल माणसाला आत्ताच कळवा.

आता कारण सांगतो. माझी अख्खी नोकरी याच खात्यात गेली. पेरॉक्साइडच्या झाकणात बारीक भोक असतं आणि त्याला जाळी असते. चांगला, स्वच्छ माल वर्षाला एक टक्काही उतरत नाही, पण थोडा थोडा ऑक्सिजन सुटतच असतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी असते. कॉस्टिकच्या झाकणाला ती वाट नाही. त्यात आटीत सुकलेलं कॉस्टिक असणार. पेरॉक्साइड आम्लात शांत राहतं, म्हणून कंपनी तो माल किंचित आम्लीय ठेवून देते. कॉस्टिकसारखी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलटी वस्तू, लागली की ते फुटायला लागतं, म्हणजे त्याचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायला लागतं. म्हणजे तुमच्या पोरांनी एकाच झाकणानं वाटही बंद केली आणि आगही लावली.

मालकांना आकडा सांगा. 50 टक्क्यांच्या एका लिटरमधून 200 लिटरच्या आसपास ऑक्सिजन निघतो. वर ही क्रिया उष्णता सोडते. दर 10 अंशाला वेग दुपटीहून जास्त वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि शेवटी माल स्वतःच्याच उष्णतेनं उकळायला लागतो. पाणी आणि ऑक्सिजन हे खरंच, पण ते सुटताना जे होतं ते कॅन सहन करत नाही.

कागलकर:
लोखंडाच्या गंजानंही असं होतं का? आमच्याकडं मोजायला जुना पत्र्याचा मग वापरतात.

ब्लिचिंगवाले काका:
गंजानं तर फार होतं. लोखंड, तांबं, मँगनीज, क्रोमियम, यांचा कणसुद्धा पुरतो. तुम्ही ब्लिचिंगला आहात तर हे रोज बघत असाल: ताग्यात लोखंडाचा कण अडकला की नेमक्या त्या जागी कापडाला टाचणीएवढं भोक पडतं. बाकी ताग्याला काही नाही आणि तेवढीच जागा जळाल्यासारखी. कणाभोवती पेरॉक्साइड एकदम फुटतं म्हणून ते होतं. बाथमध्ये, म्हणजे कापड बुडवायच्या ब्लिचिंगच्या पाण्यात, सिलिकेट किंवा पेरॉक्साइड शांत ठेवणारा दुसरा स्टॅबिलायझर घालतात तो याचसाठी. ज्याच्या एका कणानं कापडाला भोक पडतं, त्याचाच गंज मगातून कॅनमध्ये जातोय, विचार करा. मोजायचा मग प्लॅस्टिकचा ठेवा, फक्त पेरॉक्साइडचा, त्यावर रंगानं खूण करा. आणि मगात उरलेला माल कॅनमध्ये परत ओतायचा नाही, कितीही महाग असला तरी. भरपूर पाण्यात सोडून द्यायचा.

शाहूपुरी_रेसिडेंट:
घरात जखमेसाठी छोटी बाटली आहे. तीही फुटेल का?

ब्लिचिंगवाले काका:
ती 3 टक्क्यांची असते, काळजी नको. तिच्याच झाकणात, अंधारात ठेवा.

रंकाळाकाठ:
वाफ नव्हती. फवारा लावला, सप्लायरचा माणूस आला, त्यानं फेसशील्ड आणि हातमोजे घालून लांबूनच बरंच पाणी मारलं, मग पुढचं त्यानंच केलं. मालकही दारात उभे राहून बघत होते. एक राहिलं: कॅन लाकडी पाटांवर ठेवतो आणि खाली सांडलेलं पुसायला सुती चिंध्या असतात. ते चालतं ना?

ब्लिचिंगवाले काका:
नाही. पेरॉक्साइड स्वतः पेटत नाही, पण लाकूड, चिंध्या, भुसा यात मुरलं की पाणी उडून माल घट्ट होत जातो आणि ते कोणी काडी न लावता पेट घेतं, कधी कधी बऱ्याच वेळानं, रात्री युनिट बंद असताना. पाट प्लॅस्टिकचे करा. सांडलं तर चिंधी नको, पाण्याचा पाइप मारा. ज्या चिंध्यांनी आधी पुसलंय त्या आजच बादलीत पाण्याखाली बुडवा. आणि पोरांच्या कातड्यावर पांढरे डाग पडून चुरचुरत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवायला सांगा. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं धुवून थेट डॉक्टर. स्टोअरच्या दाराशी नळ आहे का तेवढं कळवा.

रंकाळाकाठ:
नळ आहे, पण त्याच्यासमोर रंगाचे ड्रम लावलेत. उद्या सकाळी पहिल्यांदा तेच हलवतो.