जैसलमेर: मुक्काम किल्ल्याबाहेरच करा
नागपूरहून डिसेंबरात जैसलमेरला जाणाऱ्यांनी तिथल्या किल्ल्यातच खोली घ्यावी, असा सल्ला दिला जातो. कृपया तसं करू नका. 1156 साली वसवलेला हा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आहे. आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीतल्या काळ्या दगडासारखा टणक नाही. बुरुजांचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकावर एक बसवलेत. पूर्वी पाणी घागरींनी वर यायचं. नळ आले, सांडपाणी वाढलं, गळतीनं किल्ल्याखालच्या टेकडीतले मातीचे थर भिजत गेले आणि 1990च्या दशकात काही बुरुज ढासळले. तिथली प्रत्येक आंघोळ किल्ल्याखालच्या मातीत मुरते म्हणा ना!

पटवा या व्यापारी घराण्याच्या पाचही हवेल्या ऊन तिरपं असताना बघा. झरोक्यांच्या जाळीतली एकेक पाकळी तेव्हाच उठून दिसते. आणि स्वेटर न्याच. वाळवंटात सूर्य बुडाला की गारठा झपाट्यानं चढतो.